बासष्ट सीसी आणि शेवटचे वळण

शनिवार, १४ मार्च १९८७. काटाबाईंच्या वहीत या तारखेखाली एका मोटारीच्या इंजिनाची मापे आहेत: चार सिलिंडर, व्यास ७४.५ मिलिमीटर, पिस्टनची धाव ८९. गुणाकार कोणीही करून पाहावा; १,५५२ सीसी येतात. पाच दिवस आधीच्या पानावर त्याच इंजिनाचा व्यास ७३ आहे, म्हणजे १,४९० सीसी. ही बासष्ट सीसींची वाढ काटाबाईंनी स्वतःच्या हाताने केली, आणि ती धाकट्या भावाची नोकरी वाचवण्यासाठी केली.

सिलिंडर आतून कापून नेमक्या मापाचा करणे, ज्याला बोअरिंग म्हणतात, हा त्यांचा धंदा. यंत्र वडिलांमागे त्यांच्याकडे आले. टोपणनाव मात्र त्यांनी स्वतः कमावले होते, कारण काट्यावर चढल्याशिवाय कुठलीही गोष्ट त्यांना पटत नसे. शेजारचे मिस्त्री म्हणत, "बाईंना नमस्कार जपून करा, तोलून घेतील."

भाऊ टेकडीवरच्या रुग्णालयाची गाडी चालवत असे. पाच माणसे बसली की शेवटच्या वळणावर गाडी दम टाकायची आणि एकाला उतरून चालावे लागायचे. एकदा उतरणारा स्वतः रुग्णच निघाला. व्यवस्थापकांनी निर्वाणीचे सांगितले: रविवारी पाच माणसांसह गाडी न थांबता फाटकापर्यंत आली पाहिजे, नाहीतर सोमवारपासून दुसरा चालक.

"ताई, इंजिन मोठं कर," भाऊ म्हणाला. "मोठं इंजिन, मोठी ताकद. यात काय डोकं लावायचंय?"

"असतं तर लावलं असतंस," ताई म्हणाल्या, आणि इंजिन कापण्याआधी त्यांनी ते मोजायला घेतले.

मोजण्याची युक्ती त्यांची घरगुती होती. इंजिन घोडीवर बसवायचे, फिरत्या चाकाला दोन लाकडी ठोकळ्यांनी घट्ट आवळायचे आणि ठोकळ्यांना एक लांब दांडा जोडायचा. चाक ठोकळ्यांना आपल्याबरोबर ओढू पाहते, तेव्हा दांड्याचे टोक धान्याच्या काट्यावर दाबते. काट्यावरच्या या वजनाला वहीत 'ओढ' म्हटले आहे. दांडा एक मीटरचा धरला की तोच आकडा आपला टॉर्क. ओढ आणि मिनिटाचे फेरे यांच्या गुणाकारावरून 'झपाटा' निघतो, म्हणजे हॉर्सपॉवर. तापलेल्या लाकडावर पाणी ओतायचे काम भावाकडे होते. तो धुराने खोकत होता आणि मधूनमधून बहिणीच्या हुशारीचा उद्धार करत होता.

सिलिंडर झिजलेले नव्हते, अशी नोंद आहे. कापण्यापूर्वी दोन हजार फेऱ्यांना ओढ १०.२ किलो भरली, बेचाळीसशे फेऱ्यांना ८.५. कापल्यानंतर दोन हजारांना १०.६. सीसी शेकडा चार वाढले होते, ओढही तेवढीच वाढली. बेचाळीसशेला मात्र पुन्हा ८.५. झपाटा आधीही पन्नास हॉर्सपॉवरच्या आसपास होता, नंतरही तेवढाच राहिला.

"पाच दिवस घासलंस आणि शेवटी पहिले पाढे पंचावन्न!" भाऊ म्हणाला.

"घर मोठं केलं रे, पण दार तेवढंच राहिलं. कार्बोरेटर जुनाच ना? जोरात पळायला लागलं की त्याला हवा पुरत नाही." मग त्यांनी फेरे बाराशेवर आणले. ओढ ८.८. "वळणावर तिसऱ्यातून खाली दुसरा गिअर कधी टाकतोस?"

"गाडी थरथरायला लागली की."

"म्हणजे जीव गेल्यावर वैद्य! ओढ दोन हजारांना आहे, आणि तू बाराशेपर्यंत वाट बघत बसतोस. वळण दिसलं की टाकायचा."

"इंजिन केवढं ओरडेल, ताई!"

"ओरडू दे. लहानपणी तूही ओरडायचास. मोडलास का?"

रविवारची नोंद एका ओळीची आहे: 'पाच माणसे. कोणी उतरले नाही.' भावाने पुढे अकरा वर्षे तीच गाडी चालवली.

तो दांडा अजून त्यांच्या पडवीत आहे. वहीत त्याची लांबी एक मीटर लिहिली आहे. मी मोजली तेव्हा ती अठ्ठ्याण्णव सेंटिमीटर भरली. म्हणजे वहीतले ओढ आणि झपाट्याचे आकडे शेकडा दोनने फुगलेले असावेत. तुलनेला त्याने बाध येत नाही, कारण दोन्ही वेळा दांडा एकच होता. भाऊ आता सत्तरीत आहेत आणि आजही गाडी चढल्याचे श्रेय बोअरिंगला देतात. "मोठं इंजिन ते मोठं इंजिन," ते म्हणाले, "गिअरचं काय, तो मी टाकतच होतो."

काटाबाई हयात नाहीत. पण रविवारच्या ओळीखाली, वेगळ्या शाईत, त्यांचेच अक्षर आहे: 'दोन गोष्टी एकदम बदलल्या. माझी चूक.'

ते इंजिन पुढे भंगारात वितळले. बासष्ट सीसी न वाढवता, फक्त गिअर वेळेवर टाकून ती गाडी चढली असती का, हे माहीत नाही. वेगळ्या शाईतली ती ओळ त्यांनी केव्हा लिहिली, हेही माहीत नाही.