कोऱ्या दुपारची रेषा

भुताखेतांवर माझा विश्वास तेव्हा नव्हता, आजही नाही. मशीनवर मात्र होता. म्हणूनच हे लिहिताना अडखळायला होतं.

गुडगावात मेट्रो यायची होती, तेव्हाची गोष्ट. ऑफिस नव्या काचेच्या इमारतीत, समोर अजून मोहरीचं शेत. परदेशी ग्राहकांच्या लाइनवरून किती डेटा जातो हे एक मशीन सतत मोजायचं आणि त्याचा ग्राफ काढायचं. ते सांभाळणं माझं काम. मशीन बंद पडलं तर ग्राफमध्ये तेवढी जागा कोरी राहते.

अशीच एक कोरी जागा नसरीन मुजावरच्या नोकरीवर बेतली होती. नसरीन साताऱ्याची, आमच्याकडे लाइनवर लक्ष ठेवायच्या कामाला, दिल्लीत मुनिरकात भाड्याच्या खोलीत राहायची. एका रविवारी तिच्या ड्यूटीत वीज गेली. बाकी यंत्रणा बॅटरीवर चालू राहिली, पण मोजणाऱ्या मशीनचा यूपीएस बसला. नंतर एका ग्राहकाची तक्रार आली – लाइन दुपारभर बंद होती, जागेवर कोणी नव्हतं. नसरीनचं म्हणणं, लाइन चालूच होती. सैल केबल नीट बसवताना लाइन तेवढी क्षणभर तुटली. पुरावा नव्हता. चौकशी लागली.

त्याच आठवड्यात सगळे ग्राफ जुन्या ३२-बिट मशीनवरून नव्या ६४-बिट मशीनवर न्यायचे होते. फाइल सरळ कॉपी केली तर नवं मशीन ती वाचत नाही. आधी आकडे साध्या टेक्स्टमध्ये उतरवायचे, मग त्यातून नव्यावर फाइल पुन्हा बांधायची. चौकशीच्या सकाळी मी ते केलं आणि त्या रविवारचा ग्राफ उघडला...

कोरी जागा नव्हती. दुपारभर सलग रेषा, आणि मध्ये एक बारीक खाच.

नसरीनला बोलावलं. ती खुर्चीत बसलीही नाही. "सर, ही बघा. इथेच मी केबल बसवली."

मी टेक्स्ट तपासलं. त्या दुपारच्या प्रत्येक ओळीत आकड्याची जागा रिकामी. फाइल पुन्हा बांधली – पुन्हा तीच रेषा. जुन्या मशीनवर मात्र जागा कोरीच.

तिने ग्राफचा प्रिंट तेवढा काढायला सांगितलं. टेक्स्ट कोण बघणार होतं? मी म्हटलं, दोन्ही दाखवीन.

"मग माझी नोकरी गेली असं समजा," ती म्हणाली.

मॅनेजर चोप्रांनी दोन्ही कागद पाहिले. "ये लाइन आई कहाँ से?"

"पता नहीं, सर."

ग्राफ कोणीतरी बनवलाय, असा अर्थ त्यांनी काढला. संध्याकाळी नसरीनचं ओळखपत्र जमा झालं.

पुढच्या महिन्यात ग्राहकाने त्यांच्या टोकाचा ग्राफ पाठवला. बंद होती ती दुसऱ्याच कंपनीची लाइन. तक्रार चुकून आमच्याकडे आली होती. मी त्यांच्या आणि आमच्या ग्राफचे प्रिंट एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरले. रेषा जुळली. खाचही.

चोप्रांनी तिला परत बोलवायला सांगितलं. मी फोन केला. तिला नोएडात काम मिळालं होतं. येणार नाही म्हणाली. मग विचारलं – "सर, मशीन बंद असताना मोजत कोण होतं?"

मी जाणकारांना विचारलं आहे. फाइल बांधताना कधीकधी भलतेच आकडे शिरतात, असं ते सांगतात. ते मला मान्य आहे. पण भलतेच आकडे शिरले, तर ते खरे कसे निघाले... याचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.