फळीवरची सहा काजं

टेलर मास्तरांनी उभ्या जन्मात दुसऱ्या कुणाच्या शिवणीला चांगलं म्हटलं नव्हतं. मुलगा बारा वर्षं दुकानात राबत होता, पण कापडाच्या मोठ्या कात्रीला हात लावायची त्याची बिशाद नव्हती. "आधी काज नीट कर," एवढंच ऐकत तो चाळिशीला आला. मग मेंदूचा झटका आला आणि मास्तरांचा उजवा हात लुळा पडला. तरी कात्री त्यांच्याच उशाशी. पुनर्वसन केंद्रातल्या महिनाअखेरच्या चाचणीत हात पास झाला तर ठीक, नाहीतर कात्री मुलाला, असं बायकोने ठरवलं. मास्तरांनी नाक मुरडलं.

त्या केंद्रात रोज तासभर पोरखेळ चाले. मणी वेचा, खुंट्या भोकात घाला. एक खुंटी बसली की थेरपिस्ट बाई टाळ्या पिटणार, "वा वा, मास्तर!" जन्मभर सूट शिवलेल्या माणसाची ही शोभा!

चाचणी म्हणजे फळीवर ताणलेल्या कापडाची सहा बटणं दहा मिनिटांत लावायची. मास्तरांना एकही लागलं नाही.

"काजंच चुकलीत," ते गुरगुरले.

"नाचता येईना, अंगण वाकडं," बायको म्हणाली.

"मग तू लाव की!"

तिने जोर लावला, जमेना. बाईंनी लावायला घेतलं, तर त्यांचं नख तुटलं. काजं खरंच बटणांहून लहान होती. त्या फळीने किती हात नापास केले असतील देव जाणे, पण एकाही शहाण्याने स्वतः बटण लावून पाहिलं नव्हतं. मास्तर दोन दिवस हेच सगळ्यांना सांगत सुटले, जणू हातच बरा झाला.

तिसऱ्या दिवशी नवी फळी आली. मास्तर ऐटीत बसले. बोटं काजापर्यंत गेली, थरथरली, घसरली. दहा मिनिटं तेच. या वेळी बाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत.

मास्तरांनी डाव्या हाताने फळी ओढून काजावरून अंगठा फिरवला.

"कुणी केलीत ही?"

"मी," दारातून मुलगा म्हणाला. "बाईंनी सांगितलं म्हणून."

आता चूक निघणार, म्हणून बायकोने कपाळाला हात लावला. मास्तरांनी सहाही काजं तपासली, फळी उलटवून मागूनही पाहिली. त्यांना रडू येत होतं, आणि त्याची भयंकर लाज वाटत होती.

"बरोबर आहेत," ते म्हणाले. "कात्री तू घे. आणि त्या कात्रीने कागद कापून धार घालवलीस तर याद राख!"