मागून हाक मारायची नाही

आमच्या घरात दोन गोष्टींना बंदी होती. एक, कच्च्या फणसाची भाजी. दुसरी, यांना मागून हाक मारणं. लखनौच्या बाजारात उन्हाळा आला की कटहल म्हणून कोवळे फणस ढिगानं येतात. इथले लोक त्याची मसालेदार सब्जी बोटं चाटून खातात, आणि आमचे हे ठेल्यापाशी उभे राहून भाजीवाल्याशी भांडतात, "अरे भैया, पिकने तो दो उसको!" भाजीवाला हसतो. मी आपली पिशवी घेऊन पुढे सटकते. अशा वेळी कोण ओळख दाखवणार!

हे म्हणजे हरिहर मेस्त्री. राजापूरच्या बाजूचे, घराणं सुताराचं. एकसष्ट साली लग्न झालं आणि महिन्याभरात मला घेऊन इथे आले, रेल्वेच्या सुतारखान्यात. लग्नातल्या परातीएवढं पातं असलेली गोल करवत तिथे होती, ती यांच्या ताब्यात. पुढे तिच्यापायी माझा संसारही सुतारखान्याच्या नियमांनी चालला, आता काय सांगू! सैल बाही घालायची नाही. अंगठी घालायची नाही, लग्नातलीसुद्धा डब्यात. पात्याच्या रेषेत कधी उभं राहायचं नाही, कडेला उभं राहायचं, कारण लाकूड उलटलं तर सरळ छातीवर येतं. बटण बंद केलं तरी पातं आपोआप थांबेपर्यंत हात पुढे न्यायचा नाही. आणि मशीनवरच्या माणसाला मागून हाक मारायची नाही. तो दचकून वळला की संपलं. समोरून जायचं, त्याला दिसेल असं उभं राहायचं आणि हात वर करायचा.

घरीसुद्धा तेच. दूध उतू जाईना का, मी वळसा घालून यांच्या समोर जाणार, हात वर करणार, मग बोलणार. आमची कांचन लहानपणी शाळेत सांगायची, "हमारे घर में हाथ उठाकर बोलते हैं." बाईंना वाटलं, काय शिस्त आहे बाई!

माणूस मुळात गप्प. पण रविवारी मिर्झासाहेबांच्या आऱ्यावर गेला की खुलायचा. मिर्झासाहेबांची ऐशबागेत लाकडाची टाल, म्हणजे वखार, आणि आरा मशीन, म्हणजे ओंडके कापायची करवत, होती. त्यांच्या पात्याचे दाते हे लावून द्यायचे, एक डावीकडे, एक उजवीकडे वाकवत. पात्यावर बसलेला चीक रॉकेलनं पुसायचे. पातं उतरवलं की त्यावर लाकडी मुठीनं हलकेच मारून कान लावायचे. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर कुठेतरी तडा आहे, फेकून द्या. मिर्झासाहेब म्हणायचे, "मेस्त्रीजी, आप तो हकीम हैं." आणि ओंडका कुणाचाही असो, साल सोलल्याशिवाय हे त्याला पात्याजवळ येऊ द्यायचे नाहीत. सालीत वाळू असते, जुना खिळा असतो, तार असते. एका आऱ्यावर खिळ्याला लागून दाता उडालेला यांनी पाहिला होता. बाजूच्या माणसाचा डोळा गेला. त्या दिवशी घरी येऊन हे जेवले नाहीत.

तर असा हा माणूस, आणि मनात एकच सल. आई.

सासूबाई म्हणजे कडक बाई. आम्ही घर सोडलं तेव्हा डोळ्यांतून टिपूस नाही. नंतर धाकट्या भावजींच्या, श्रीपादच्या, पत्रातून त्यांचा निरोप यायचा तोही ठरलेला: प्रकृती जपा, थंडीत गरम कपडे घाला. "ये" म्हणून कधी नाही. आम्ही दोन-तीन वर्षांनी जायचो, त्या जेवू-खाऊ घालायच्या, निघताना हातावर दही ठेवायच्या आणि वळून आत जायच्या. चौऱ्याहत्तर साली रेल्वेचा संप चालू असताना तार आली, आई गेली. रेल्वेत जन्म घालवलेल्या माणसाला घरी जायला गाडी मिळेना. पोहोचलो तेव्हा दिवसही होऊन गेले होते. परसातल्या फणसाखाली हे बराच वेळ उभे होते. परतीच्या गाडीत एवढंच म्हणाले, "एकदा 'परत ये' म्हणाली असती ना, तर मी नोकरी सोडून गेलो असतो." मी म्हटलं, "मनात असेल हो त्यांच्या." तर म्हणाले, "मनातलं मला काय कळणार?"

त्र्याऐंशीच्या वादळात तोच फणस गोठ्यावर कोसळला. श्रीपाद भावजींनी कळवलं, लाकूड विकू का? यांनी उलट तार केली, विकू नको, पाठव. बुंध्याचा चांगला भाग मालगाडीनं आला. आता गावात आपलं असं काही उरलं नव्हतं. घर श्रीपादचं, आई नाही, झाड नाही. ह्या ओंडक्यातून अखंड एका फळीचा झोपाळा करायचा आणि निवृत्तीनंतर त्यावर बसून राहायचं, एवढंच यांनी मागितलं होतं. वाया गेला तर दुसरा ओंडका कुठून आणणार? फणस काय, लखनौत भाजीपुरताच.

रविवारी मिर्झासाहेबांच्या आऱ्यावर कांचनला घेऊन आम्ही तिघं गेलो. मी नारळ घेतला होता, करवतीपुढे फोडायला. मिर्झासाहेबांनी माझ्यासाठी खुर्ची पुसून ठेवली, चहा मागवला. त्यांच्या माणसानं साल काढायला कुऱ्हाड उचलली, तर हे चक्क म्हणाले, "रहने दो."

मिर्झासाहेब बघतच राहिले. "मेस्त्रीजी, आप कह रहे हैं?"

"हमारे घर का पेड़ है. उसमें क्या होगा?"

सालीवर अजून तिकडची लाल माती होती. लहानपणी पाय ठेवून चढायचे ती खाच होती. ती सोलायला माणसाचं मन होईना. हाताने सगळीकडून चाचपलं, हातोडी वाजवली, झालं समाधान! दुसऱ्याचा ओंडका असता तर शिव्या घातल्या असत्या. त्या मातीचा वास मलाही येत होता, आणि खरं सांगते, मलाही ती जायला नको होती.

नारळ फुटला. बटण दाबलं. पात्याचा आवाज चढत चढत असा झाला की बोललेलं ऐकू येईना. ओंडका रुळांवरच्या गाडीवर बांधलेला, हे कडेला उभे, मिर्झासाहेबांचा माणूस गाडी ढकलतोय. पहिला काप गेला, सालीचा पातळ पाट बाजूला पडला. आतलं लाकूड हळदीसारखं पिवळं. यांच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते मी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिलं.

दुसऱ्या कापासाठी ओंडका फिरवला तेव्हा वरची साल माझ्या बाजूला आली. तिच्यावर बेंबीसारखी एक आवळलेली गाठ होती. मी बघत होते. माझ्या कपाळाच्या उंचीवर असेल ती, झाड उभं असताना.

कपाळाच्या उंचीवर! अगं बाई!

सगळं डोळ्यांपुढे उभं राहिलं. एकसष्ट साल. हे ट्रंक घेऊन पुढे गेलेले. मी नवी नवरी, देवाला नमस्कार करून मागच्या दारानं येते तर सासूबाई फणसापाशी, हातात सासऱ्यांची हातोडी. हा एवढा खिळा त्या झाडात मारत होत्या. मला बघून म्हणाल्या, "जाणाऱ्याला मागून हाक मारू नये, त्याचं काम बिघडतं. म्हणून झाडाला सांगून ठेवलंय, माझ्या पोराला परत आण. तू बोलू नकोस त्याला. सांगितलं की गुण जातो." मी मान डोलावली. पुढे संसार, मुलगी, परका मुलुख. बाई, किती म्हणून लक्षात ठेवायचं! पार विसरून गेले होते.

ओंडका पात्याकडे सरकत होता. तोंडाशी हाक आली होती. पण मी यांच्या मागे होते. ओठ आवळून धरले, नऊवारीचा काष्टा असता तर बरं झालं असतं असं वाटलं, आणि गोल साडीचा घोळ मुठीत धरून लाकडांच्या ढिगाला वळसा घालून पळाले. यांच्या समोर गेले आणि दोन्ही हात वर केले.

यांनी पाहिलं. विचारलं नाही, दचकले नाहीत. हात उचलून गाडी थांबवली, बटण बंद केलं. पातं फिरतच होतं. ते पूर्ण थांबेपर्यंत कुणी हललं नाही, मी हात खाली घेतले नाहीत. पात्यापासून गाठ चार बोटांवर होती.

"काय गं?"

"खिळा आहे. त्या गाठीत."

मिर्झासाहेबांच्या माणसानं पटाशीनं गाठ उकरली. वरवर काही नाही. खोल गेल्यावर पिवळं लाकूड काळं पडत गेलं आणि तळाशी खिळ्याचं डोकं लागलं. झाडानं तो पार पोटात घेतला होता.

"कुणी मारला हा?" यांनी विचारलं.

मी सांगितलं. सासूबाईंचे शब्द जसेच्या तसे सांगितले. ते ऐकत होते आणि बोटानं ते काळं लाकूड चाचपत होते. मग तिथेच भुशावर बसले आणि लहान मुलासारखे रडले. "मला वाटायचं गं, तिला मी गेलो काय नि राहिलो काय, सारखंच."

"पापा रो रहे हैं?" कांचननं मला विचारलं. मी म्हटलं, रडू दे.

मिर्झासाहेब हळूच म्हणाले, "निकाल दें, मेस्त्रीजी? कील निकल जाएगी." यांनी मान हलवली. "नहीं. रहने दीजिए."

साल मात्र मग मुकाट्यानं सोलून घेतली. खिळ्याच्या दोन्ही बाजूंनी फळ्या काढल्या. अखंड फळी काही मिळाली नाही, झोपाळा दोन फळ्या जोडून केला, आणि जोडावर तो कुरकुरतो. खिळा असलेला लाकडाचा तुकडा आहे तसा दाराशी, झोपाळ्यापुढे ठेवलाय. निवृत्ती झाली, कांचनचं लग्न इथेच झालं, परतायचं राहिलं ते राहिलंच. संध्याकाळी हे झोपाळ्यावर बसतात, पाय त्या तुकड्यावर टेकवतात आणि गावातल्या एकेका माणसाचं नाव घेऊन मला विचारतात, तो असेल का गं अजून?

करवत सुटली, आता एक बंदी मी उठवलीय. हे पिशवी घेऊन बाजारात निघाले की मी त्यांना रस्त्याच्या वळणापर्यंत जाऊ देते आणि मग फाटकातून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी मागून हाक मारते, "अहो, लवकर परत या!"

शेजारीण म्हणते, जाते हुए को टोकना अच्छा नहीं होता. नसेल. हे दर वेळी थांबतात, वळतात आणि हात वर करतात.