दोन वामन आणि एक गुंड्या

आमच्या घराण्यात नावांचा तुटवडा होता. मुलगा झाला की जुनंच कुणीतरी परत आलं असं समजून त्याचंच नाव पोराच्या गळ्यात घालायचं. पहिले वामन पैलवान होते, दुसरे चालत काशीला जाऊन आले. तिसरे वामननाना, म्हणजे माझे चुलत आजोबा. पिंप्राळ्यात आमच्या शेजारीच राहायचे आणि दिवसभर मिशांना पीळ भरायचे. चौथा मी. (दळणाचा डबा उचलला की मला धाप लागायची!) नानांचे वडील काशिनाथ, माझेही वडील काशिनाथ.

आता सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव सुनेनं कसं घ्यायचं? म्हणून आईनं मला गुंड्या म्हणायला सुरुवात केली आणि अख्ख्या गल्लीनं तेच उचललं.

अठ्ठ्याऐंशी साली धुळ्याचे पाहुणे मला बघायला आले. मुलीचे वडील आणि तिची आत्या, अक्का. मुलगी मी एका लग्नात पाहिली होती, तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागला होता. पाहुण्यांनी कोपऱ्यावरच्या शेठजींना विचारलं, "वामन काशिनाथ पाटील?" शेठजींनी बिनदिक्कत नानांचं घर दाखवलं.

"मुलगा कुठाय?" पाहुण्यांनी नानांना विचारलं.

"कसला मुलगा? वामन काशिनाथ मीच!"

"म्हणजे लग्न... तुमचं?"

नाना विधुर. त्यांनी मिशीला नवा पीळ दिला. "एवढ्या लांबून आलाच आहात, तर विचार करू!"

पाहुणे तणतणत रिक्षाकडे निघालेले मी ओट्यावरून पाहिले आणि नव्या टेरिकॉटच्या शर्टात धावत सुटलो.

"थांबा! वामन मी आहे!"

जो भेटेल तो वामनच! अक्कांनी कपाळाला हात लावला. "आठे बठ्ठा वामनच शेतस का?"

मुलीच्या वडिलांनी शेठजींना विचारलं, "हा कोण?"

"हा? हा तर गुंड्या!"

शेवटी मी सगळ्यांना आईपुढे उभं केलं. मागोमाग नानाही आले, इस्त्रीची टोपी घालून!

"ताई, तुमच्या मुलाचं नाव वामनच ना?" मुलीच्या वडिलांनी विचारलं.

आईनं नानांकडे पाहिलं, पदर पुढे ओढला आणि गप्प! माझं लग्न तिच्या एका शब्दावर अडलेलं, आणि तो शब्द तिच्या तोंडून निघेना. खूप वेळानं पुटपुटली, "त्यांचं आहे ना... तेच."

अक्कांना हसू फुटलं. मुलीचे वडीलही निवळले आणि अक्कांकडे बोट दाखवत म्हणाले, "हिच्या सासऱ्यांचं नाव गुलाब. ही आजवर गुलाबजामला नुसतं जाम म्हणते!"

लग्न ठरलं. गृहप्रवेशाला उंबरठ्यावर बायकोनं उखाणा घेतला, "केळीच्या बागेला पाटाचं पाणी, वामनराव राजा नि मी त्यांची राणी!"

घरातल्या बाईच्या तोंडून माझं नाव मी पहिल्यांदाच ऐकत होतो. छाती फुगली. तेवढ्यात माझ्या मागून नानांचा आवाज आला, "आलो, आलो!"

आणि आई म्हणाली, "गुंड्या, बाजूला हो. त्यांना पुढे येऊ दे."