उघाडीतली पाचर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलाला-मुलीला नाही, माहेरी रोह्याला आईपाशीही नाही. देवाला तरी सांगितलं असेल म्हणाल, तर त्याच्यासमोर हात जोडून मी दरवेळी दुसरंच काहीतरी बोलत राहिले. आता तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच असेल कदाचित.

आधी माझा स्वभाव सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी संशयी बाई आहे. भाजीवाल्याच्या तराजूकडे डोळे लावून बसते. शेजारीण जरा गोड बोलली की हिला आता काय हवंय, असं मनात येतं. हे बाळकडू मला नदीनं पाजलं. रोह्याला आमचं घर कुंडलिकेच्या काठाला, सखल भागात. पावसाळ्यात पाणी पायरीला लागलं की वडील कधी ‘पाऊस फार झाला’ असं म्हणायचे नाहीत. म्हणायचे, ‘सोडलं वाटतं वरून.’ मग कुणी सोडलं, का सोडलं, आम्हाला न कळवता कसं सोडलं, कुणाची शेतं वाचवायला सोडलं, यावर सगळी आळी दिवसभर बोलत राहायची. खरंच सोडलेलं असायचं की नुसता पाऊस असायचा, ते मला आजही माहीत नाही. पण पाणी आपणहून येत नाही, कुणीतरी आणतं, हे माझ्या डोक्यात तेव्हापासून पक्कं बसलं.

लग्न होऊन मी पेणकडच्या एका खाडीकाठच्या गावात आले. गावाचं नाव सांगणार नाही. एका बाजूला खाडी, एका बाजूला भातखाचरं आणि मधे मातीचा लांबलचक बांध — गाव म्हणजे एवढंच. बांध आहे म्हणून भात आहे. त्या बांधात एका ठिकाणी दगडी बांधकाम करून लाकडी झडप बसवलेली होती, तिला उघाडी म्हणतात. ओहोटीला शेतातलं पावसाचं पाणी झडप ढकलून खाडीत उतरतं, आणि भरती आली की खाडीचं पाणीच ती झडप दाबून बंद करतं. माणसानं फक्त मधे फांदी, ओंडका काही अडकलं नाही ना, ते पाहायचं. ही पाहायची पाळी घराघरांत फिरायची.

खाडीच्या पलीकडे असंच एक गाव होतं आणि त्याचाही असाच बांध. आता यातली गोम बघा. खाडी फुगली की दोन्ही बांधांना सारखाच ताण. पण एक फुटला की पाणी तिकडे वळतं आणि दुसरा वाचतो. त्यामुळे पावसाळा लागला की आमचे लोक त्यांच्याकडे आणि त्यांचे लोक आमच्याकडे बघत बसायचे. हे येऊन आपला बांध तर कापणार नाहीत ना? कुणी कधी कापल्याचं मी पाहिलं नाही. पण गोष्टी मात्र प्रत्येक घरात होत्या.

माझी धाकटी जाऊ हिरा त्या समोरच्या गावची.

हिराबद्दल काय सांगू? मी रोह्याची, बाजारपेठेतली. चिखलात पाय टाकला की गुडघ्यापर्यंत जायची आणि लोक हसायचे. हिरा लग्न होऊन आली आणि तिनं मला चिखलात चालायला शिकवलं. पाऊल सपाट नाही टाकायचं, बोटं आधी रुतवायची. मी अंगणवाडीत नोकरीला लागले तेव्हा माझ्या वाटची भांडी, माझ्या वाटचं पाणी तिनं ओढलं. कधी बोलून दाखवलं नाही. मला वाटायचं, हिचा काहीतरी डाव असणार. काय असणार होता डाव? नव्हताच काही.

तर त्या वर्षाचं. कोकण रेल्वेच्या गाड्या कोलाडवरून नुकत्याच धावायला लागल्या होत्या, तो काळ. माझ्या मुलीचं कोलाडला जमलं होतं आणि लग्न पुढच्या वर्षावर ठेवलं होतं. आमच्याकडे प्रत्येक घरामागे एक तळं असतं आणि त्यात जिताडा वाढवतात. मानाच्या पाहुण्याला घरच्या तळ्यातला जिताडा वाढणं ही मोठी गोष्ट. आमच्या तळ्यातले मासे उन्हाळ्यात मेले होते. व्याह्यांना बाजारातून आणलेला मासा वाढायचा? ते माझ्या मनाला लागून राहिलं होतं.

जिताड्याची पिल्लं पावसात भरतीबरोबर खाडीतून येतात. ती शेतातल्या चरीनं तळ्यात यायची तर उघाडी थोडी उघडी राहायला हवी. पावसाळ्यात झडपेला हात लावायचा नाही, असा गावकीचा नियम होता. चोरून मात्र बरेचजण करायचे. हे सांगून मी स्वतःचं ओझं थोडं कमी करू बघते आहे का? असेन. पण केलं ते मीच.

नारळी पौर्णिमेचा दिवस होता आणि उघाडीची पाळी आमच्या घराची. सकाळी ओहोटीत मी एकटी गेले आणि झडपेच्या सांध्यात लाकडाची पाचर मारली. घरातल्या मोडक्या मुसळाचा तुकडा होता तो. झडप हातभर उघडी राहिली. भरती जरा चढली की थोडी पिल्लं आत येतील, मग उधाण भरायच्या आधी येऊन पाचर काढायची, असा माझा हिशेब. घरी आले, नारळीभाताला लागले.

तेवढ्यात हिराचा भाऊ आला. हा दरवर्षी राखीला यायचा. उघाडीपाशी होड्या बांधायची जागा होती, तिथंच होडी बांधून चालत आला. राखी बांधून घेतली, चहा प्यायला, आणि हसत म्हणाला, ‘आमची मानसं बांधावर बसलीत, तुमच्यावं नजर ठेवून.’ हिराही हसली. लगेच तो निघाला, कारण पाणी चढत होतं.

तो गेला आणि पेणहून एसटीनं आलेल्या कुणीतरी बातमी आणली की वरच्या धरणाच्या सांडव्यावरून पाणी सोडणार आहेत. धरण नवं होतं. नव्या गोष्टीवर आमचा विश्वास बसायला वेळ लागतो, आणि संशय बसायला काहीच लागत नाही. वरून धरणाचं पाणी, खालून पौर्णिमेचं उधाण! आता समोरचे बांध कापणार, अशी आरोळी उठली. घमेली, फावडी, पेंढा, कोयते घेऊन सगळं गाव बांधाच्या टोकाला धावलं. मीही धावले.

इथं थोडं थांबते.

इतकी वर्षं मी मनाशी म्हणत आले की त्या गडबडीत मी पाचर विसरले. खोटं आहे ते. बांधावर उभी असताना मला ती आठवली होती. पाणी किती चढलंय तेही दिसत होतं. उघाडी पाठीमागे, हाकेच्या अंतरावर. पण तिकडे गेले असते तर कुणीतरी विचारलं असतं, कुठं निघालीस? सासरे तिथंच होते. आणि दुसरं सांगू? समोरच्या बांधावर त्यांचे लोक फावडी घेऊन उभे होते, त्यांच्यावरून माझी नजर हटत नव्हती. ते काहीतरी करणार याची मला खात्री होती. त्यांनी काही केलं नाही. तेही बिचारे आम्ही काही करू म्हणून फावडी घेऊन उभे राहिले होते.

पाणी आमच्या पाठीमागून आलं. उघाडीच्या फटीतून आत शिरलेल्या पाण्यानं बाजूची माती ओढली, दगड सुटले, झडप गेली आणि बांधाला खांड पडली. आम्ही वळून पाहिलं तेव्हा खाडी शेतात होती. माणूस कुणी दगावलं नाही. पण उभं भात गेलं, आणि खारं पाणी बसलेल्या त्या जमिनीत पुढचे तीन पावसाळे दाणा पिकला नाही. माणसं वीटभट्ट्यांवर कामाला गेली. धरणातून त्या दिवशी पाणी सोडलंच नव्हतं, हे मागाहून कळलं. त्यावर कुणी विश्वास ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी ओहोटीत मी सगळ्यांच्या आधी तिथं गेले. लोकांना वाटलं, पाळी आमची म्हणून जिवाला लागलंय बिचारीच्या. मी पाचर शोधत होते. मुसळाचा तुकडा कुणी ओळखला तर? सापडला नाही. खाडीनं नेला. मला किती हायसं वाटलं, ते लिहायलाही लाज वाटते.

संध्याकाळी देवळात गावकी बसली. पाळी आमची, म्हणून सासऱ्यांना उभं केलं. वयस्क माणूस, खाली मान घालून उभा. एका पुढाऱ्यानं विचारलं, ‘सकालचा उघाडीवं कोन व्हता?’

मग मी बोलले.

‘हिराचा भाऊ आलता. होडी तिथंच बांधलेली त्यानं.’

यातला शब्दनशब्द खरा आहे. म्हणूनच तो इतका उपयोगी पडला. मी अंगणवाडीतली बाई, शिकलेली, आणि त्यात घरचीच. ही कशाला आपल्या जावेच्या भावाचं नाव घेईल? सगळ्यांच्या मनात जे आधीपासून होतं, त्याला मी फक्त नाव दिलं. सासरे सुटले. मी सुटले. हिरा देवळाच्या पायरीवर बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता तिच्या नजरेत. काहीतरी हिशेब लावत असल्यासारखी बघत होती.

गावकीनं ठरवलं, समोरच्या गावाशी येणंजाणं बंद. सोयरीक बंद. जो संबंध ठेवील त्याचं घर वाळीत. दिरानं हिराला सांगितलं, तू आता ठरव. तिनं पदर खोचला आणि चुलीकडे गेली, हेच तिचं उत्तर. नंतर ती माहेरी गेली नाही. भाऊ राखीला एकदा खाडीच्या मध्यापर्यंत आला, तर आमच्या पोरांनी बांधावरून ढेकळं मारली. तिची आई गेली तेव्हा निरोपही आला नाही, कारण आणणार कोण? पलीकडे मसणाच्या जागेवरून धूर दिसला. इकडे कुणीतरी म्हणालं, म्हातारी गेली वाटतं. हिरा बांधावर जाऊन उभी राहिली. मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले, तिच्या पाठीवर हात ठेवला. ठेवू शकले मी तो हात. तेव्हा सांगता आलं नसतं का? आलं असतं. तेव्हा आमच्या दोघींशिवाय बांधावर कुणी नव्हतं.

तुम्हाला वाटेल, हीच माझी कबुली. मलाही वाटलं होतं, एवढं लिहून थांबावं.

काळ गेला. गावकीतले ते पुढारी गेले, बंदी कुणी न उठवता आपोआप विरली. दोन्ही गावांतली पोरं आता एकाच कंपनीत शिफ्टला जातात. माझा नवरा गेला, दीर गेला. हिराला मूलबाळ नाही, म्हणून माझ्या मुलानं आम्हा दोघींना पेणला आपल्या घरी आणलं. दोघी एका खोलीत झोपतो.

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी, दुपारची वेळ. रस्त्याला मूर्तींच्या गाड्यांची गर्दी. फाटकाशी एक म्हातारा येऊन उभा राहिला. हातात काठी, दम लागलेला. मी खिडकीतून ओळखला. हिरानंही ओळखला. तो हाक मारेना, आत येईना, नुसता उभा.

हिरा उठली. दारापर्यंत गेली आणि तिथून परत फिरून माझ्यासमोर बसली. इतक्या वर्षांत तिनं हा विषय एकदाही काढला नव्हता. म्हणाली, ‘आक्का, त्या येली गावकीत त्याचा नाव तूच घेतलास. मला तर आजून पटत नाय. खरा सांग, त्यानंच क्यालं ना गो?’

म्हणजे इतकी वर्षं ती पुरतं मानत नव्हती. माझ्या एका शब्दावर ती मनात तिष्ठत बसली होती. घरात आम्ही दोघीच. ऐकायला गावकी नव्हती, सासरे नव्हते, वाळीत टाकणारं कुणी नव्हतं. मला कुणाचीच भीती नव्हती. हिराची होती का? ती उठून निघून जाईल याची? माहीत नाही. शोधायचं म्हटलं तर कारण सापडेलही, पण मी शोधणार नाही.

मी म्हटलं, ‘व्हय.’

तिनं मान हलवली. खिडकीपाशी जाऊन तिनं हातानं पडदा ओढला आणि म्हणाली, ‘बरा झाला तू व्हतीस. नायतर मी त्याला घरात घेतला असता.’

तो बराच वेळ उभा होता. मग एसटी स्टँडच्या दिशेनं गेला. शिमग्याच्या सुमारास वारला. हिरानं अंघोळ केली, दुसरं काही केलं नाही.

आत्ता ती आत भात उपसते आहे. मला जेवायला हाक मारेल. हे मी तुम्हाला सांगितलं. तिला नाही.