वकीलसाहेबांचं हसू

माझ्या भावाच्या मुलीला फोटो काढायला मी शिकवलं, हे मी कुणालाही सांगत असते. विचारलं नाही तरी सांगते. ती दुसरीत आहे. मी अकोल्याला शाळेत शिकवते आणि शनिवार आला की अमरावतीला माहेरी पळते. माझा जुना डिजिटल कॅमेरा तिच्या गळ्यात अडकवला तेव्हा तो तिच्या पोटावर आपटत होता. पट्ट्याला गाठ मारली आणि आमची शिकवणी सुरू झाली.

पहिल्या दिवशी तिने घरातल्या सगळ्यांचे गुडघे काढले. भाऊ म्हणाला, “अवं, हे काय शिकवून राहिली तू तिले?” मी म्हटलं, तिच्या उंचीवरून तू एवढाच दिसतोस, तोंड पाहिजे तर खाली बस. तो बसला, तर तिने बरोब्बर त्याचं टक्कल टिपलं. मला तो फोटो फार आवडला. त्याला अजून आवडलेला नाही.

माझे नियम कडक. कोपरं बरगड्यांना टेकवायची. बटण दाबताना श्वास धरायचा. माणूस जवळ हवा असेल तर आपण दोन पावलं चालायचं. आणि कुणालाही ‘हसा’ म्हणून सांगायचं नाही. सांगितलं की लोक नुसते दात दाखवतात, आणि मग माझं डोकं फिरतं.

एकदा ती बैठकीतल्या माझ्या आईच्या फोटोसमोर उभी राहून कॅमेऱ्यातून माप घेत होती. आई गेली तेव्हा हिचा जन्मही झालेला नव्हता. फोटो स्टुडिओतला, ‘हलू नका’ म्हणून दम देऊन काढलेला. पोरीने कॅमेरा खाली घेतला आणि विचारलं, “आत्या, आजी नेहमी रागातच राहे का?”

माझी आई हसायला लागली की पदर तोंडात कोंबायची, तरी शेजारच्या घरात ऐकू जायचं. पण पोरीला दाखवायला माझ्याजवळ काय होतं? तो एक ताठ चेहरा. मला फार वाईट वाटलं. त्याच दिवशी मी ठरवलं, बाबांच्या बाबतीत हे होऊ द्यायचं नाही. बाबांचा हसतानाचा एक तरी फोटो घरात पाहिजे, आणि तो लवकर पाहिजे, कारण बाबा ऐंशीचे झाले होते.

आता अडचण बाबांचीच. सगळी हयात वकिलीत गेली. घरी खदाखदा हसणार, पण कॅमेरा दिसला की जणू न्यायाधीश समोर आले. “फोटो म्हंजे पुरावा,” ते म्हणायचे, “पुराव्यात हासतात का कोनी?” पोरगी आठवडेच्या आठवडे त्यांच्या मागे फिरली. पेपर वाचताना, दाढी करताना, दुपारी घोरतानासुद्धा. बाबांना झोपेतही चाहूल लागायची आणि तोंड मिटायचं.

तेवढ्यात सहस्रचंद्रदर्शनाचा कार्यक्रम ठरला आणि भावाने उत्साहाच्या भरात चौकात फ्लेक्स लावायचं काढलं. फोटो कोणता? होता तोच, ओळखपत्रावरचा. फ्लेक्सवाल्याने आपल्या मनाने भोवती झेंडूची फुलं सोडली, मधे बाबांचा करडा चेहरा, खाली ठळक अक्षरांत नाव. ‘सहस्रचंद्रदर्शन सोहळा’ हे शब्द फुलांच्याही खाली, बारीक.

शनिवारी सकाळी बडनेरा स्टेशनवर उतरून मी ऑटोने येत होते. चौकात तो फ्लेक्स दिसला आणि मी धरूनच चालले, बाबा गेले. आदल्या संध्याकाळीच मी बाबांशी फोनवर भांडले होते, म्हणजे तब्येत ठणठणीत होती, तरीही. ऑटोवाल्याने वळून विचारलं, “वकीलसाहेबांकडे का ताई? वाईट झालं.” मी त्याला इतकी ओरडले की बिचाऱ्याने आरसाच दुसरीकडे वळवला.

घरी पोहोचले तर बाबा पंख्याखाली पेपर वाचत बसलेले. मी चपला काढते न काढते तोच बेल वाजली आणि दार बाबांनीच उघडलं. बाहेर मागच्या गल्लीतल्या काकू, डोळे पुसलेले, हातात मोठा डबा. बाबांना पाहून त्यांनी “अगं माय!” म्हणून दाराची चौकट धरली.

“या ना,” बाबा म्हणाले, “कावून घाबरल्या?”

“अवो साहेब, तो चौकातला बोर्ड… मी म्हटलं, चूल पेटली नसन तुमच्या घरी. पिठलं-भाकर आनली.”

आमच्याकडे कुणी गेलं की त्या घरी शेजारीपाजारी जेवण पोचवतात. भाऊ आतून धावत आला आणि फ्लेक्सवाल्याला शिव्या घालू लागला. काकू डबा पदराआड लपवू लागल्या. बाबांनी तो काढून घेतला. “आनलं तर आनलं, वापस नेऊ नका.” आणि ते सरळ पाट मांडून बसले, काकूंनाही बसवलं. भाकरी मोडली, पिठल्यात बुडवली, घास घेतला.

“वा! माह्या दुखवट्याचं पिठलं लय झकास झालं!”

आणि ते हसले. मान मागे टाकून, दाढा पडलेल्या जागांसकट, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. काकूही हसल्या, भाऊही हसला. मी तर भिंतीला टेकून बसले. कॅमेरा मला आठवलासुद्धा नाही. पोरगी मात्र बाबांच्या समोर जमिनीवर होती, कोपरं बरगड्यांना टेकलेली, श्वास धरलेला.

फोटो थोडा तिरका आला. बाबांच्या मिशीला पिठलं लागलंय, काकूंचा अर्धा हात कापला गेलाय. आम्ही सगळे नाचलो. भाऊ म्हणाला, आत्ताच्या आत्ता फ्लेक्स बदलतो. बाबांनी चष्मा लावला, कॅमेरा हातात घेतला आणि बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, आता पुराव्याचं भाषण होणार.

“हे तर माहे वडील आहेत,” ते म्हणाले.

आमच्या आजोबांचा एकही फोटो नाही. बाबा लहान असतानाच ते गेले.

“असेच हासत ते, मान मांगं टाकून. मी इसरूनच गेलो होतो.”

पोरीने त्यांच्या खांद्यावरून वाकून पाहिलं आणि कॅमेऱ्यासाठी हात पुढे केला.

“मंग अजून एक काढू का, आबा?”

“काढ,” बाबा म्हणाले, आणि मिशी न पुसताच तिच्याकडे तोंड करून बसले.