बिल्ले घरी ठेवून

समोरच्या गॅलरीत लढाऊ वैमानिकाचा हिरवा गणवेश वाळत होता. छातीवर वेल्क्रोच्या रिकाम्या पट्ट्या, बिल्ला एकही नाही. मला वाटलं, बिचाऱ्याचा हुद्दा काढून घेतला. न राहवून त्याच्या बायकोला विचारलंच.

"नाही हो काका. मोहिमेवर जाताना बिल्ले काढूनच जातात. शत्रूच्या हाती लागलाच, तर कोण, कुठला, कळायला नको. तो कालच गेलाय, हा त्याचा दुसरा जोड," ती कपडे झटकत म्हणाली.

माझ्या दारावरच्या पाटीवर निवृत्तीनंतरही 'माजी उपअभियंता' आहे, आणि ती मी दर रविवारी पुसतो. हा मात्र कोऱ्या छातीनं आभाळात जातो.

"मग बिल्ले कुठेत?"

तिनं खिडकीकडे बोट दाखवलं. लेकीचं लोकरी अस्वल छातीभर बिल्ले चिकटवून बसलं होतं.

"बाबा येईपर्यंत विंग कमांडर तेच."